डाव्या हाताचं अक्षर

आमच्या गल्लीत पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची दोन अक्षरं होती. एक उजव्या हाताचं. ते दुकानांवर, दवाखान्यांवर, कवायतीला आल्यासारखं ताठ उभं असायचं. दुसरं डाव्या हाताचं. ते फक्त त्याच्या स्वयंपाकघरात, डब्यांवर राहायचं.

दुपारी गल्ली पेंगायला लागली की तो दुकानाचं शटर अर्धं ओढायचा. खालच्या फटीतून आलेला उजेड टर्पेंटाइनच्या वासात तरंगत राहायचा. मग ब्रश आपसूक डाव्या हातात जायचा आणि डब्यावर 'साखर' असं काही उमटायचं, की वाटावं शब्द नुकताच झोपेतून उठलाय, आळोखेपिळोखे देतोय.

तो सात वर्षांचा असताना वडिलांनी, म्हणजे थोरल्या पेंटरनी, त्याचा डावा हात चड्डीच्या नाडीला बांधून उजव्याला वळण लावलं होतं. "डावखुऱ्याला कोण काम देईल? लोक हसतील रे बाळा." आता थोरल्यांचा हात कापायचा, नजर अधू झाली होती, पण मुलाचं प्रत्येक मोठं काम ते समोर बसून बघायचे. आणि चाळीस वर्षांत मुलानं त्यांच्यादेखत डाव्या हातात ब्रश धरला नव्हता.

घोळ बायकोनं घातला. नव्या वाचनालयाच्या बाई शेजारी राहायला आल्या, त्यांनी साखर मागितली, हिनं डबाच उचलून दिला. दुसऱ्या दिवशी बाई डबा छातीशी धरून दुकानात हजर.

"हे अक्षर कुणाचं?"

"घरचंच आहे," पेंटर पुटपुटला.

"मग वहिनींना विचारा ना, आमची भिंत रंगवतील का? तुमचं अक्षर छान आहे हो, पण ते बघितलं की मी आपोआप सरळ उभी राहते. वाचायला आलेल्या माणसाला बसावंसं वाटलं पाहिजे."

घरी पेंटर बायकोवर उखडला. "डबा कशाला दिलास?"

"मग काय, ओंजळीत देऊ साखर? आणि मला पेंटर समजल्या ना त्या? जाते मी. चढते शिडीवर आणि लावते भिंतीची वाट."

"बाबा समोर बसणार आहेत गं."

"बसू देत की. आजवर त्यांना अर्धाच मुलगा दाखवलायत तुम्ही."



सकाळी वाचनालयाची भिंत पांढरीशुभ्र, अजून कुणीच न उठलेल्या घरासारखी होती. खडूनं आखणी झाली. थोरले शिडीच्या डाव्या अंगाला खुर्चीत बसले. पेंटरनं उजव्या हातानं पहिली रेघ ओढली. रेघ कडक सलाम ठोकून उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ती फडक्यानं पुसली, शिडी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली, ब्रशचा हात टेकवायची आधाराची काठी उजव्या हातात घेतली आणि ब्रश डाव्या. ओला रंग हाताखाली पुसला जाऊ नये म्हणून डावा हात शेवटच्या अक्षरापासून सुरू करतो.

"पेंटर, उलटे निघालात की!" समोरचा सायकलवाला ओरडला.

"सुलटं होईल, थांब जरा!" पेंटर म्हणाला.

खाली बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं. निळा रंग भिंतीवर संथ पसरत होता. एक अक्षर रेललं, दुसरं त्याच्या खांद्याला टेकलं. रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. आपण रंगवतोय की कुणीतरी आपल्याला अलगद पुढे नेतंय, तेच त्याला कळेना.

"अरे ए."

ब्रश थांबला.

"मला काही दिसत नाहीये. तुझं कोपर मध्ये येतंय."

पेंटरनं खाली न बघताच विचारलं, "उजव्या हातात घेऊ का, बाबा?"

"मी तसं म्हणालो? खुर्ची हलव म्हणतोय. त्या बाजूला टाक."

पेंटर उतरला. वडिलांना धरून उठवलं, खुर्ची उजवीकडे ठेवली, त्यांना बसवलं. थोरल्यांनी डोळे बारीक करून ती रेललेली अक्षरं कितीतरी वेळ न्याहाळली.

"हे कधी शिकलास?"

"दुपारी."

"कुठल्या दुपारी?"

"रोजच्याच."

सायकलवाला अजून हसत होता, त्याच्याकडे थोरल्यांनी एकदा वळून पाहिलं.

"मग काठी एवढी आवळून कशाला धरतोस?" ते मुलाला म्हणाले. "सैल धर. चढ वर."