हरलेल्याची पाठ

तुम्ही ज्याला हरवलंत, त्याच्या पाठीवरची माती कधी स्वतःच्या हाताने झाडली आहे का? मी फक्त कुस्तीबद्दल विचारत नाही. वादात, निवडणुकीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, घरातल्या भांडणात... समोरचा आडवा झाल्यावर आपण काय करतो? बहुतेक जण टाळ्यांची वाट बघतात. हा प्रश्न मला सुधामामाने विचारला होता. आता तो नाही, म्हणून त्याच्या वतीने मी तुम्हाला विचारते आहे.

मामा गेल्याचा फोन मामीने केला, सोमवारी दुपारी. मी डोंबिवलीत मोर्चासाठी फलक रंगवत बसले होते, बोटं निळ्या रंगाने बरबटलेली. मामी रडत नव्हती. "अगं, तुझा मामा गेला," ती म्हणाली. "जेवला, खुर्चीत बसला, तोंडावर पेपर घेतला. मला वाटलं झोपलाय. पण घोरत नव्हता, म्हणून बघायला गेले..." आदल्याच दिवशी आम्ही आंबिवलीच्या तालमीत भेटलो होतो. निघताना रिक्षात एक पाय टाकून तो मला ओरडून म्हणाला होता, "पुढच्या रविवारी लिंबं तू आण गं. किसन आणतो ती वाळलेली असतात!" त्याचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द हे. काही थोर बोलून जायला पाहिजे होतं असं मला मुळीच वाटत नाही. लिंबाचं काम महत्त्वाचं होतं.

सुधामामा माझ्या आईचा मोठा भाऊ. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, लहानपण तिथल्या तालमीत गेलं, आणि मग तो इंजिनिअर होऊन व्यापारी जहाजांवर गेला. जन्मभर बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत. बोट बंदराला लागली की बाकीचे लोक दुकानं शोधायचे, मामा कुस्ती शोधायचा. भाषा येत नसेल तर रस्त्यावर उभा राहून खुणांनी विचारायचा. दोन्ही हात पुढे करून, गुडघ्यात वाकून, पवित्रा घेऊन. "एका पोलिसाने मला धरून नेलं," तो सांगायचा, "त्याला वाटलं मी त्याच्याशी मारामारी करायला उभा आहे. मग कळल्यावर त्यानंच मला आखाड्यात पोचवलं. त्याचा भाऊ पैलवान निघाला!"

निवृत्त झाल्यावर मामा-मामी नौपाड्यात राहायला आले, आणि माझ्या सुट्ट्या तिथे जायला लागल्या. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कामगार संघटनेचे, घरात गाद्यांखाली पत्रकांचे गठ्ठे, मी वाचायला शिकले तीच मुळी 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर. त्यामुळे मी दारात दिसले की मामा आतून ओरडायचा, "आलं बघा हँडबिल!" मामी म्हणायची, "अरे, आधी तिला पाणी तर पिऊ दे." पण पाणी पिण्याआधीच आमचं सुरू झालेलं असायचं.

मामा जेवणाच्या टेबलावर जग मांडायचा. तुर्कस्तानात पैलवान कातडी विजार घालतात आणि अंगभर तेल ओततात, आणि भिडण्याआधी एकमेकांच्याच पाठीला तेल चोळून देतात. कोरियात वाळूवर समोरासमोर गुडघे टेकून बसतात, कमरेला आणि मांडीला गुंडाळलेला एकमेकांचा पट्टा धरतात, आणि तसेच धरून उठतात. इराणच्या जुन्या तालमीचं दार मुद्दाम बुटकं ठेवलेलं. केवढाही पैलवान असो, वाकूनच आत यायचं. आत ढोलावर एक जण कविता म्हणत असतो आणि त्या तालावर मेहनत चालते. सेनेगलमध्ये वाळूवर ढोलांचा गजर, दंडाला ताईत, डोक्यावर मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या ओतणं... "आणि आपल्याकडे?" मी विचारायचे. "आपल्याकडे माती आधी कपाळाला, मग समोरच्याच्या अंगावर. का, सांग? त्याला पकड मिळावी म्हणून नव्हे, आपल्याला त्याची पकड मिळावी म्हणून! पण दोघेही टाकतात, म्हणजे हिशोब सरळ."

मी गप्प ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. मंगोलियाच्या पैलवानांच्या अंगरख्याची छाती उघडी असते, कारण म्हणे एकदा एका बाईने पुरुषाच्या वेशात येऊन सगळ्यांना लोळवलं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून छाती दिसेल असा अंगरखा ठरला. हे मामाने मिटक्या मारत सांगितलं, तेव्हा मी हातातला वरणभात तसाच ठेवला. "म्हणजे बाईने हरवलं म्हणून तयारी वाढवली नाही, कपडे बदलले?" मामा हसून हसून लाल झाला. पण जपानच्या गोष्टीवर तो हसला नाही. तिथे कुस्तीआधी आखाड्यात मीठ फेकतात, आणि त्या आखाड्यावर बाईने पाऊल ठेवायचं नाही. "त्यांची परंपरा आहे गं," तो म्हणाला. मी उसळले. परंपरा हा शब्द नेहमी दाराच्या आतल्या माणसाच्याच तोंडी का असतो, दाराबाहेरच्याला विचारलं आहे का कुणी, वगैरे बरंच. मामी वाट्या उचलून निघून गेली. 

पुढच्या आठवड्यात मी गेले तर दार उघडून हा पठ्ठ्या माझ्याकडे पाठ करून उभा! "झाड," म्हणाला. मला कळेना. "अगं, विचार केला. तू म्हणतेस ते बरोबर आहे. हरलो मी. झाड आता पाठ." मी त्याच्या धुतल्या सदऱ्यावरून दोनदा हात फिरवला. मग तो वळला आणि म्हणाला, "तुझ्या त्या भाषणात एक विचारायचं राहिलं. आमच्या तालमीत मुली का नाहीत? रविवारी ये. उतर."

ही पाठ झाडण्याची गोष्ट त्याने स्वित्झर्लंडहून आणली होती. एकदा बोट इटलीच्या बंदरात दुरुस्तीला थांबली, तेव्हा तो आगगाडी धरून तिथे गेला. मामी अजून म्हणते, "लोक स्वित्झर्लंडला बर्फ बघायला जातात, हा लाकडाचा भुसा बघायला गेला!" कारण तिथले शेतकरी लाकडाच्या भुशावर कुस्ती खेळतात, पँटवर तरटाची जाड चड्डी चढवून, तिलाच धरून. आणि जो जिंकतो तो पडलेल्याला उठवतो आणि त्याच्या पाठीवरचा भुसा स्वतः झाडतो. मग दोघे निघतात. मामा म्हणायचा, सगळ्या जगातलं मी हे एवढं एकच उचलून आणलं, बाकी सगळं त्यांचं त्यांना ठेवलं.

आंबिवलीच्या तालमीत मामा दर रविवारी जायचा. तिथला वस्ताद किसन, आगरी, मामापेक्षा बराच लहान, पण हौद्यात मामाला 'काय ओ बोटवाले' म्हणण्याइतका मोठा. हौदा म्हणजे लाल मातीचा तो खोलगट आखाडा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं आणि ती सतत उकरत राहायची. नाही उकरली तर तिचा दगड होतो. मामाने किसनला नवी पद्धत समजावली: जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची पाठ झाडायची. किसन म्हणाला, "करू की. त्यात काय."

त्यात काय होतं ते पहिल्याच रविवारी कळलं. किसनने डोंबिवलीच्या एका पोराला ढाक लावून चीत केलं, उठवलं, आणि पंचाने त्याची पाठ पुसायला गेला. ते पोर भडकलं! कारण आपल्याकडे पाठीला माती लागणं म्हणजेच हरणं. ज्याने ती लावली, तोच चारचौघांत ती पाठ पुसायला लागला तर काय वाटेल? "हरलो ते हरलो, वर दाखवतो काय लोकांना?" पोर ओरडलं. त्याचे दोस्त हौद्यात उतरले, किसनचे भाऊबंद उतरले. "मामा, तुमी काय पण आणता बाहेरून!" किसन तिकडून ओरडतोय. मामाने सदरा काढला, बनियनवर हौद्यात उतरला आणि किसनला म्हणाला, "पाड मला."

"तुमाला? मोडाल तुमी."

"पाड म्हणतो ना! हळू पाड, पण पाड."

किसनने त्याला लहान मूल निजवावं तसं मातीत निजवलं. मामा क्षणभर आढ्याकडे बघत पडून राहिला, मग उठला, पोराच्या समोर पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "ही बघ. मी पैलवानाचा मुलगा. माझ्याही पाठीला लागली. आता किसन, पूस." किसनने पुसली. "बघितलंस? गेली. एवढीच असते ती." कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या पोराने नाखुशीने का होईना, पाठ वळवली. पुढे तेच पोर पंचा हातात घेऊन सगळ्यांच्या आधी धावायला लागलं. हे सगळं मी ऐकलेलं. मी उतरले तोवर पद्धत रुळली होती. पहिल्याच दिवशी किसनच्या बहिणीने, मनीषाने, माझा पट काढून, म्हणजे पाय खेचून, मला आपटलं. मी पत्रकातली सगळी विशेषणं विसरले. आणि मग माझ्या पाठीवरून तो खरखरीत पंचा फिरला, आणि ती कानाशी म्हणाली, "पाय लांब लांब ठेवतेस गं तू. जवळ घे." हरल्यावर इतकं बरं मला आधी कधीच वाटलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी तालमीच्या समितीने ठरवलं की हौदा बुजवून फरशी करायची आणि वर मॅट टाकायची. स्पर्धा मॅटवर होतात, पोरांना सराव मॅटचा पाहिजे. मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत पत्रक लिहून तयार! शीर्षक होतं 'मातीचे मारेकरी कोण?' मामाकडे नेलं. त्याने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "मागणी बरोबर आहे," तो म्हणाला. "एक शब्द बदलू नकोस मागणीतला. पण अध्यक्षांचा नातू मॅटवर खेळतो, गुणी पोर आहे. त्याला तू मारेकऱ्याचा नातू करून टाकलंस. तू जिंकशील गं, हँडबिल. पण पाठ झाडणारी ओळ यात कुठे आहे?"

मी भांडले. सौम्य भाषा हा गप्प बसवण्याचा मार्ग असतो, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण मी पत्रक पुन्हा लिहिलं. मागणी तीच, हौदा हलणार नाही. ओळ एक वाढवली: मुलांना मॅट हवीच, ती शेडच्या दुसऱ्या अंगाला घाला, आम्ही उचलायला येतो. मीटिंगमध्ये अध्यक्षांनी ती ओळ मोठ्याने वाचली. मग ठरलं. मॅट शेजारी येईल. हौदा राहील, पण दर रविवारी तो उकरला जाईल तोवरच. "ज्या दिवशी माझ्या टाचेला माती दगडासारखी लागेल," अध्यक्ष म्हणाले, "त्या दिवशी फरशी." अट न्याय्य होती. आम्ही मान्य केली. मॅट आम्ही सगळ्यांनी मिळून उचलून आणली, आणि पुढचं टोक मामाने धरलं होतं.

त्यानंतर दर शनिवारी मामा नौपाड्यातून फोन करत बसायचा. डोंबिवली, कल्याण, ठाणे, खडवली. "उद्या येतोयस ना? फावडं आहे, तू फक्त हात आण." त्याच्या फोनला नाही म्हणणं अवघड होतं, कारण तो तुमच्या आईचीही चौकशी करायचा आणि मग तिलाच फोनवर बोलावून 'जा रे' म्हणायला लावायचा. रविवारी वीस-पंचवीस माणसं यायची. आयटीतले, बँकेतले, रिक्षावाले, दोन शिक्षिका. उकरून झालं की मामा एखादा देश काढायचा. आज कोरिया! मग कमरेला धोतराच्या पट्ट्या बांधून, गुडघे टेकून, सगळा आनंदीआनंद. मनीषाने एकदा बँकेतल्या साहेबांना कोरियात पाडलं, सेनेगलमध्ये पाडलं, आणि साहेब पाठ वळवून म्हणाले, "आपल्या देशात पाडायचं राहिलंय, ते पुढच्या रविवारी."

मामा गेल्यावरच्या रविवारी मी लिंबं घेऊन गेले. किसन होता, मनीषा होती, आणि आणखी तिघं. शनिवारी फोन कुणाला गेलेच नव्हते ना... आम्ही उकरलं, पण मधलाच भाग झाला. कडा राहिल्या. परवा मी टाच दाबून बघितली तर कोपऱ्यातली माती घट्ट लागली. आता शनिवारचे फोन मी करते, पण मला मामासारखं लोकांच्या आयांशी बोलता येत नाही. मी थेट मुद्द्यावर येते आणि लोक घाबरतात.

चार दिवसांपूर्वी मामीने मला बोलावून मामाचा पंचा हातात दिला. तोच, पाठी झाडून झाडून विटकरी झालेला. "धुतला नाहीस?" मी विचारलं. "तीनदा धुतला, रंग जात नाही," ती म्हणाली. "मी काय तो कपाटात घालून पुजू? ने तिकडे, कामाला लाव. आणि चहा घेऊन जा." चहा पीत आम्ही दोघी त्याच्या घोरण्याच्या नकला करत बसलो. ती जास्त चांगली करते.

पंचा आता हौद्याच्या कडेला, फावड्याशेजारी, खिळ्याला टांगलेला आहे. शोकसभा आम्ही घेतलेली नाही, घेणारही नाही. तुम्हाला मामा आठवत असेल, किंवा हे वाचून तो आज पहिल्यांदाच भेटला असेल, तर या रविवारी सकाळी आंबिवलीला या. स्टेशनबाहेर कुणालाही तालीम विचारा. फुलं नकोत. लिंबं आणा, रसाची. तासभर फावडं धरा, कडांपासून सुरुवात करा. मग कुणी हौद्यात बोलावलं तर उतरा. आणि पडलात, तर तोंड लपवून घाईने बाहेर जाऊ नका. पाठ करून जरा थांबा... पंचा घेऊन कुणीतरी येतंच आहे.