तुराट्यांमागचा तवा

आमच्या घरात एकच बिडाचा तवा होता आणि तो माझ्या ताब्यात होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मागच्या अंगणातल्या चुलीवर त्याची जागा. त्याला साबण लावायचा नाही, हा नियम माझा. धाकटी जाऊ जालन्याची, गॅसवर वाढलेली. नवी असताना तिनं बिडाचा तवा हे ऐकून विचारलं होतं की एका तव्यासाठी बीडला कशाला जायचं, जालन्यात तवे मिळत नाहीत का? सगळं घर हसलं, मी नाही हसले. तिच्या वडिलांची अख्खी नोकरी एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात गेली. त्यांच्या लेकीला बीड म्हणजे ओतीव लोखंड, एवढं ठाऊक नसेल? सोंग असणार, असं मी तेव्हाच मनात धरलं.

गेल्या हिवाळ्यात चुलीला जळण काढायला गेले, तर तुराट्यांच्या ढिगामागं गोणपाटात गुंडाळलेला दुसरा तवा हाताला लागला. बिडाचाच. बोट फिरवलं तर बोटाला तेल आणि काजळी. नव्या बिडाच्या तव्यावरून भाकरी लगेच सुटत नाही. रोज तेल पाजून, तापवून, वर कांदा परतून त्याला माणसात आणावं लागतं. म्हणजे माझ्या पाठीमागं कुणीतरी हे काम चालवलं होतं. घरात तवा असताना बाई दुसरा तवा कशासाठी तयार करते? वेगळी चूल मांडायला, आणखी कशाला! दीर वाटणी मागणार, अंगणात भिंत उठणार, हे मला तिथंच दिसलं. जावेशी मी उठता-बसता भांडत असेन, पण घर फुटावं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

तवा होता तसा ठेवला आणि डोळ्यांत तेल घालून पाळत सुरू केली. डब्यातलं तेल जरा जास्तच उतरत होतं. कांद्याची टरफलं स्वयंपाकाच्या मानानं फार निघत होती. आमचं कुत्रं एरवी भाकरीच्या तुकड्यासाठी दारात लोळण घ्यायचं, ते आता माझी भाकरी हुंगून परत जायला लागलं. नव्या तव्यावरच्या पहिल्या काळ्याकुट्ट भाकरी कुणाच्या पोटात जातात, ते मला कुणी शिकवायला नको. कानामागून आली अन् तिखट झाली, असं मी नवऱ्याला जावेबद्दल म्हटलं, तर तो म्हणाला, तू उगाच साप साप म्हणून भुई धोपटतेस. मग सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता "असंल" एवढंच म्हणाल्या. त्याही तिच्याच बाजूच्या, असं मला वाटलं.

शेवटी एक दिवस तीर्थपुरीच्या बाजाराला जाते म्हणून निघाले, फाट्यावरून परत फिरले आणि मागच्या वाटेनं गोठ्याशी आले. पलीकडून धूर निघत होता. कडब्याच्या गंजीआड आधीच कुणीतरी उभं होतं. बघते तर जाऊ. तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिलाही तो तवा सापडला होता आणि ती मला पकडायला आली होती. बाजाराचं निमित्त सांगून मी इथंच येणार, हे तिनं बरोबर ताडलं होतं.

"मला वाटलं, तुम्हीच वेगळं निघून राह्यल्या, ताई," ती हळूच म्हणाली.

मग आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. तीन दगडांच्या चुलीपुढं सासूबाई बसल्या होत्या. तव्यावर भाकरी होती. ती अलगद सुटली, निखाऱ्यांच्या आराला उभी लावल्यावर टम्म फुगली. तवा तयार झाला होता.

आम्ही पुढं झालो तरी त्या दचकल्या नाहीत. भाकरी काढून टोपल्यात ठेवली, हात पुसला.

"हिच्या हातची खाल्ली की तू फुगून बसतीस, तुझ्या हातची खाल्ली की ही," त्या म्हणाल्या. "मंग मी आता माझ्या हातची खाणार. कुणाच्या तोंडाकडं पाहायचं काम न्हाई."

जावेनं पाय धरले, मी तर रडलेच. दोन धडधाकट लेक असताना आईनं वेगळी चूल मांडली म्हटल्यावर गाव तोंडात शेण घालेल, असं नवऱ्यानं आणि दिरानंही सांगून पाहिलं. त्या ऐकल्या नाहीत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्या घरी तीन दगडांची एक आणखी झाली.

संध्याकाळी मात्र त्या आपल्या चुलीवरची एक भाकरी ताटात घेऊन आल्या. मधोमध मोडली, अर्धी मला दिली, अर्धी जावेला. एवढी मऊ आणि खरपूस भाकरी माझ्या तव्यावर कधी झालेली नाही. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण घास तोंडात घालण्याआधी माझी नजर जावेच्या हाताकडं गेली. तिची अर्धी मोठी होती. आणि ती माझ्या हाताकडं बघत होती.

सासूबाईंनी ते पाहिलं. रिकामं ताट उचलून त्या गेल्या. त्यानंतर त्यांच्या तव्यावरची भाकरी आम्हाला मिळालेली नाही.