कोपऱ्यातली करडी अक्षरं

हार घातलेल्या मयताच्या फोटोखाली 'ॲक्टिव्हेट करा, सेटिंगमध्ये जा' असं इंग्रजीत छापलेलं फक्त आमच्या वडीगोद्रीत बघायला मिळतं.

आज त्या फोटोत विलास आहे.

फ्लेक्सवाला विलास. माझा दोस्त. त्याला जाऊन वर्ष झालं.

विलासच्या कॉम्प्युटरची सिस्टीम फुकटातली, कधी ॲक्टिव्हेट केलेलीच नव्हती. त्यामुळं स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ती करडी अक्षरं कायम. आणि हा गडी डिझाइन झालं की सरळ स्क्रीनशॉट काढून जालन्याला छापायला पाठवायचा.

मग काय. वाढदिवस, बारसं, दशक्रिया, सगळ्यांच्या पायाशी तीच सूचना.

मी म्हणायचो, "अरे, त्या मेलेल्या म्हाताऱ्याला आता कुठून ॲक्टिव्हेट करतो?"

"तू गप. घरचे म्हणले, फोटो बिलकुल जित्ता वाटून राह्यला."

पुढं त्याची लेक मयुरी कॉलेजातून सुट्टीला आली. तिनं सगळं फॉरमॅट मारलं, नवी सिस्टीम टाकली, रीतसर विकत घेऊन ॲक्टिव्हेट केली.

कोपरा स्वच्छ.

आणि पहिलाच फ्लेक्स भगवानतात्या गुंडाळून परत घेऊन आले. नातवाच्या वाढदिवसाचा.

"शिक्का कुठंय ह्याच्यावर?"

"तात्या, आता ओरिजनल केलंय," मयुरी म्हणाली.

"ओरिजनल? साऱ्या भावकीच्या फ्लेक्सवर कंपनीचा शिक्का हाय. आम्हालाच डुप्लिकेट देऊन राह्यली व्हय?"

विलासनं तिला बाजूला सरकवलं. कीबोर्ड ओढला आणि तीच अक्षरं, तशीच करडी, त्याच कोपऱ्यात हातानं टाईप केली.

पैसे भरून घालवलेलं हातानं परत आणणारा हा जगातला एकमेव डिझायनर असावा.

मयुरी भडकली. "पप्पा, शिक्का न्हाई तो! तक्रार हाय तक्रार!"

"आसू दे. माझा बाप मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करायचा. लांबून कळायचं, कळप कुणाचा. माझी खूण तर लोकांनीच ठरवली. पुसू कशाला?"

तेव्हापासून प्रत्येक फ्लेक्सवर हातानं.

मग एक दिवस छातीत कळ आली आणि अंबडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

शटर खाली.

विलासचा थोरला भाऊ म्हणाला, "दुकान देऊन टाकू. हायवेवर पोरीला कुठं बसवता? आन् विलासचं गिऱ्हाईक तिच्याकडं येईल व्हय?"

मयुरी म्हणाली, "वर्षश्राद्धापर्यंत थांबा काका. एक बी न्हाई आलं, तर मीच चावी देते."

गेल्या महिन्यात कॉलेज संपवून तिनं शटर उघडलं. कॉम्प्युटर चालू होईना. मदरबोर्ड गेलेला. नवा टाकला आणि मला फोन केला, "काका, जल्दी या."

गेलो. स्क्रीन चालू होती.

आणि कोपऱ्यात ती करडी अक्षरं. आपोआप आलेली.

"बोर्ड बदलला की सिस्टीम आपल्याला वळखत न्हाई," ती डोळे पुसत हसत होती. "हार्डवेअर बदललंय, बाकी मी तीच, असं तिला सांगावं लागतं. मंग होती ॲक्टिव्हेट."

"मंग सांग की."

"सांगते. आधी पप्पांचा फ्लेक्स करते."

स्क्रीनशॉट काढला. जालन्याला पाठवला. मगच ॲक्टिव्हेट केलं.

आज सकाळी तो फ्लेक्स फाट्यावर लागला. भगवानतात्या बराच वेळ बघत उभे राहिले. आधी कोपरा, मग विलासचा चेहरा. मग रस्ता ओलांडून दुकानात आले. थोरला भाऊ तिथंच बसलेला, चावीची वाट बघत.

"पोरी, धाकट्या नातवाचं जावळ हाय. शिक्का टाकशील ना?"

"टाकते तात्या. हातानं."

थोरला भाऊ उठला आणि तात्यांना खुर्ची दिली.

विलास, तुझ्या फोटोखाली लिहिलंय, ॲक्टिव्हेट करा.

केलंय रे पोरीनं.

श्रद्धांजली वगैरे फ्लेक्सवर आहेच, मोठ्या अक्षरात. माझा इथूनच रामराम घे.

दुकान चालू आहे. निवांत जा.