पुढच्या डाव्या चाकाची धपधप

भुईगावला सासुरवाडीत मला खुर्ची मिळते आणि माझ्या साडूला शिव्या. त्या शिव्यांचा मला हेवा वाटतो. बायकोला सांगितलं तर ती हसेल, म्हणून इथे लिहितो आहे.

साडू माझ्याहून आठ वर्षांनी लहान, जवळच्याच पापडीचा. त्याच्या घरची बोली आणि सासऱ्यांची बोली एकच. दोघं वाडीत पंपाशी खटपट करत असले की सासरे त्याच्यावर खेकसतात, पाना त्याच्या हातात जवळजवळ फेकतात, त्याला जेवायला हाक मारायलाही विसरतात. माझ्याशी मात्र ते शाळेच्या संमेलनात बोलावं तसं शुद्ध बोलतात. मी तळकोकणातला, माणिकपूरला फ्लॅट घेतलेला, थोरला जावई. मी उठलो की तेही उठतात. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण त्या घरात मी अजून पाहुणाच आहे.

गाडी घेतली तेव्हा मनात एकच होतं. सासऱ्यांना कुठे जायचं झालं की त्यांनी मला फोन करावा. गेल्या महिन्यात तो योग आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना डोळा दाखवायला माणिकपूरला जायचं होतं आणि साडूची गाडी गॅरेजमध्ये होती. शनिवारी सकाळी सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधीच मी दारात हजर. सासरे काळा चष्मा लावून पुढे माझ्या शेजारी बसले. मी खूश होऊन किल्ली फिरवणार, तोच मागचं दार उघडून साडू आत आला. "बाबांनी बोलावलंय," तो म्हणाला.

वाडीच्या गल्लीतून निघताना समोरून टेम्पो आला. त्या गल्लीत अशा वेळी कुणीतरी उतरून बाजू दाखवायची असते. साडू उतरायला लागला, तर मी म्हणालो, "बस रे, जमतंय." डावं चाक मोरीच्या दगडावर खाडकन आपटलं. मी गाडी तशीच पुढे काढली.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि धप, धप सुरू झालं.

"रस्ताच वाईट आहे," मी म्हणालो आणि रेडिओ लावला. सासऱ्यांनी तो बंद केला. मान मागे वळवली आणि आपल्या बोलीत साडूला विचारलं, हा आवाज कसला. गाडी माझी, स्टीअरिंग माझ्या हातात आणि प्रश्न मागच्या सीटला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, जरा हळू घ्या," साडू म्हणाला. वेग उतरला तशी धपधपही संथ झाली. "आता क्लच दाबून धरा आणि थोडं रेस करा." इंजिन गुरगुरलं, धपधपीत काही फरक पडला नाही. "इंजिन नाही, चाक आहे. हादरा सीटला लागतोय की स्टीअरिंगला?"

स्टीअरिंग कधीपासून माझ्या तळहातात थरथरत होतं. खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं, कबूल करायला लाज वाटते. "स्टीअरिंगला," मी म्हणालो.

"म्हणजे पुढचं. बाबा, तुमच्याच पायाखाली वाजतंय ना? दादा, ब्रेक जोरात मारू नका. हळूहळू कडेला घ्या."

डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर तो फुटला असता, आणि फुटला असता तो सासऱ्यांच्या बाजूला. हे मला कळत होतं. तरीही राग येत होता तो साडूचं निदान बरोबर निघालं याचाच. माझ्या गाडीत जॅक कुठे असतो, हेसुद्धा त्यालाच माहीत होतं.

साडू चाक काढत होता, सासरे उभ्यानेच त्याच्यावर ओरडत होते आणि मध्येच मला सांगत होते, "तुम्ही सावलीत उभे राहा." शेवटी मी पुढे होऊन पाना मागितला.

"कशाला? हात खराब होतील," सासरे म्हणाले.

"होऊ देत."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा तुमचा शर्ट वाया गेला होता," ते म्हणाले. "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. केळीचे घड टेम्पोत भरायला मी तुम्हाला हाक मारली होती. केळीच्या चिकाचा डाग जात नाही, माझ्या लक्षात यायला हवं होतं. घरी जाऊन तुम्ही म्हणालात, मी जावई आहे की हमाल. मुलीने तिच्या आईला सांगितलं. तेव्हाच घरात ठरलं, तुम्हाला काम सांगायचं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तसं म्हणालो होतो, अगदी ह्याच शब्दांत. शर्ट पांढरा होता हेही आठवलं. म्हणजे ज्या खुर्चीवर मी इतकी वर्षं कुढत बसलो, ती मीच मागून घेतली होती.

तोवर स्टेपनी चढली होती, जॅक उतरला होता. नट तेवढे पक्के करायचे राहिले होते. मी पाना घेतला आणि अंगात होता नव्हता तो जोर लावून एकामागून एक आवळत गेलो. समोरासमोरचे आवळायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. घाम पुसत उभा राहिलो, तर सासऱ्यांनी साडूला नुसती मानेने खूण केली. त्याने चारही नट पुन्हा तपासले. तिसरा चांगला अर्धा फेरा फिरला.

आता तरी ते माझ्यावर खेकसतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. साडूने नट असा सैल ठेवला असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. सासऱ्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, माझ्यापुढे धरला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "छान झालं, जावईबापू. हात पुसून घ्या."