पाच मुक्या लाइनी

"आई, काम का सोडलंस?" असं तुमच्या आईनं फोनवर विचारलं, तेव्हा मी "गुडघे दुखतात" म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. गुडघे ठीक आहेत. खरं काय झालं ते तुम्हा दोघांना लिहून पाठवते, कारण थोरल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं आणि धाकटीला माझं खोटं कळतं.

तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मला जुन्या कार्यालयातून बोलावणं आलं. धाराशिवचं आमचं पाण्याचं कार्यालय लहान. गावोगावच्या ठरलेल्या विहिरींत फीत सोडायची, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि नोंद ठेवायची, एवढंच त्याचं काम. निवृत्त होईपर्यंत त्या नोंदी मीच ठेवत होते. आता त्या नकाशावर दिसणार होत्या. पान उघडायचं, येरमाळ्यावर बोट ठेवायचं, की तिथल्या विहिरीचं पाणी समोर. नकाशाचं पान पुण्यातल्या एका मशीनवर होतं, विहिरींचा डेटाबेस मुंबईतल्या दुसऱ्या मशीनवर. दोघांची गाठ घालून द्यायला एक फॉर्म भरायचा होता: डेटाबेसचा पत्ता, पोर्ट नंबर, पासवर्ड, विहिरीची जागा कोणत्या रकान्यात आहे, वगैरे. फॉर्म इंग्रजीत आणि सूचनांची जाडजूड पुस्तिकाही इंग्रजीत. "मॅडमला बोलवा," साहेब म्हणाले, "त्या सोलापूरच्या कॉन्व्हेंटच्या आहेत." सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं. मला तर सकाळी घराला कुलूप लावून कुठंतरी जायला मिळालं, हेच फार होतं.

पहिली चूक माझी. आधी अक्षांश, मग रेखांश, असं आमच्या भूगोलाच्या सिस्टरनी घोटून घेतलं होतं. मी त्याच क्रमानं रकाने भरले. या डेटाबेसला आधी रेखांश लागतो. नकाशा उघडला तर जिल्ह्यात एकही विहीर नाही. मी नकाशा लहान करत गेले, आणखी लहान, तेव्हा सापडल्या. आपल्या सगळ्या विहिरी तुमच्या स्टॉकहोमच्या सरळ वर, बर्फाच्या समुद्रात ठिपक्या-ठिपक्यांनी बसलेल्या. तुमच्याकडे यायला निघाल्या आणि घर चुकून पुढं गेल्या, असं वाटलं. मी त्या थोडा वेळ तशाच राहू दिल्या. मग क्रम बदलला. पण तोवर साऱ्या कार्यालयानं ते पाहिलं होतं, आणि पुढं काहीही बिघडलं की साहेब विचारायचे, "काय मॅडम, विहिरी पुन्हा फिरायला गेल्या का?"

म्हणून दुसरा बिघाड दिसला तेव्हा मी आधी गप्प राहिले. कार्यालय दहाला भरायचं, मी नऊला जायची. शिपाई किल्ली देताना म्हणायचा, "बाई, साहेब बी दहाला येतेत. तुमाला घरी करमत न्हाय व्हय?" मी "झाडून घ्या आधी" म्हणून विषय बदलायची. त्या वेळी नकाशा उघडला की चक्र मिनिटभर गरगरायचं आणि लाल पट्टी यायची, जोडणी तुटली म्हणून. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. काही वेळानं आपोआप ठीक. दहाला माणसं येईपर्यंत सगळं सुरळीत.

पुण्याच्या इंजिनिअरला फोन केला. "मॅडम, माझ्याकडे चालतंय," तो म्हणाला.

"तुम्ही किती वाजता उघडता?"

"अकराला. पण वेळेचा काय संबंध? तुमचं नेट बघा."

नेट बघितलं, ठीक होतं. मग मी एक वही केली. रोज कितीदा पट्टी आली, किती वाजता आली. आठवडाभरात दिसलं की पट्टी रोज बरोबर पाचदा येते आणि सहाव्या खेपेला नकाशा उघडतो. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारीही पाचदा. एकदा एका लग्नासाठी सगळे तीन तास बाहेर गेले, परत आल्यावर पाहिलं, तरी पाचदा. मी माझाच भरलेला फॉर्म काढला. त्यात 'किती लाइनी उघड्या ठेवायच्या' या रकान्यात मीच लिहिलं होतं, पाच.

धाकटे, तुझ्यासाठी सोपं करून सांगते. नकाशाचं पान दरवेळी डेटाबेसला नव्यानं फोन लावत नाही. ते पाच लाइनी कायम उघड्या ठेवतं आणि मागणी आली की त्यातली एक वापरतं. दोघांच्या मध्ये एक पहारेकरी प्रोग्राम असतो. तासभर कुठल्या लाइनीवर कोणी बोललं नाही, की तो ती कापतो, आणि कापली म्हणून कोणालाच सांगत नाही. रात्रभर कोणी बोलत नाही. सकाळी पान समजतं की पाचही लाइनी आहेत. पहिला येणारा माणूस एकेक मेलेली लाइन उचलतो, पान तिच्या जागी नवी लाइन रांगेच्या शेवटी लावतं, आणि तीही तासभर गप्प राहिली की मरते.

उपाय त्याच फॉर्मवर होता. एक रिकामी चौकट, 'वापरण्याआधी तपासा'. तिथं खूण केली की पान लाइन देण्याआधी डेटाबेसला एवढंच म्हणतं, एक दे. पलीकडून '१' आला तर लाइन जिवंत. नाही आला तर ती टाकून नवी घ्यायची. पुस्तिकेत 'ऐच्छिक' लिहिलं होतं म्हणून मी ती चौकट सोडून दिली होती.

आता जे सांगते ते तुमच्या आईला सांगितलेलं नाही. मी खूण केली नाही.

त्याच आठवड्यात साहेब नऊलाच एका बैठकीची तयारी करायला आले होते. त्यांच्याकडे नकाशा उघडेना. मी खुर्ची ओढली, पाचातल्या उरलेल्या लाल पट्ट्या पाहिल्या आणि सहाव्या खेपेला उघडून दिला. "मॅडम आल्या की नकाशा चालतो," ते सगळ्यांना सांगू लागले. कंत्राट संपायला महिना उरला होता. नकाशाला रोज सकाळी उठवणारं कोणीतरी हवं, म्हणजे मी हवी. मी नऊला जायची, पाच मुक्या लाइनी एकेक करून काढायची, आणि वहीत लिहायची. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी दुपारी परंड्याहून फोन आला. तिकडच्या विहिरी मोजणारी मुलगी, नवीनच लागलेली.

"मॅडम, एक विचारू का? तुमच्याकडं सकाळी नकाशा उघडतोय का ओ?"

"का गं?"

"मी सहाला निघते, उन्हाच्या आत चार विहिरी व्हाव्यात म्हणून. दोनदा मोबाइलवर लावून बघते, नुसतंच फिरतंय. मग जाते तशीच. परवा शेजारी शेजारी दोन विहिरी, नकाशाबिगर कळंना, मी नको त्या विहिरीत फीत सोडली. घरी आल्यावर कळलं. पुन्हा गेले. लेकरू शेजारणीकडं ठिवून जाते मॅडम, ती बी बोलायली आता."

"अगं, मला आधी का नाही सांगितलंस?"

"साहेब म्हणले, मॅडम आल्या की चालतो. म्हणलं, तुम्ही नऊला येता, तवर थांबायचं असंल."

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. फॉर्म उघडला, चौकटीत खूण केली, खाली तो छोटा प्रश्न लिहिला आणि जतन केलं. दोन मिनिटं लागली असतील. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला फोन वाजला. "मॅडम, एका दमात उघडला! काय केलं ओ तुमी?" मी म्हटलं, "आधी करायला हवं होतं ते." ती हसली. तिला तो विनय वाटला.

त्या दिवशीही मी नऊला गेले. नकाशा पहिल्याच खेपेला उघडला. येरमाळा, कळंब, परंडा, सगळ्या विहिरी आपापल्या जागी. वहीत लिहायला काही नव्हतं. शिपायाचं झाडून होईपर्यंत मी खिडकीशी बसून राहिले. महिनाअखेरीला साहेबांनी शाल दिली आणि म्हणाले, "आता सगळं आपोआप चालतंय, मॅडम. तुम्ही आराम करा."

आराम चालू आहे. चहा एकाच कपाचा. रविवारी तुमचा फोन येतो, सगळे छान बोलता, धाकटी गाणं म्हणते. सोमवार ते शनिवार कोणी बोलत नाही. यात तुमचा दोष नाही, शाळा असते, मला समजतं. पण रविवारी फोन उचलताना पहिले दोन शब्द माझ्या घशातून नीट निघत नाहीत, हे तुमच्या आईनं ओळखलं. तिला सर्दी वाटली.

म्हणून एक मागते. लांब बोलायला नको, फोटो नको. सकाळी उठलात की दोघांपैकी कोणीतरी मला नुसता '१' पाठवा. माझ्याकडे तेव्हा दुपार होत आलेली असते. मीही '१' पाठवीन. थोरल्या, हे वाचून तू लगेच रोज आपोआप '१' पाठवणारा प्रोग्राम लिहायला बसशील. लिहू नकोस. तो रोज ठरलेल्या मिनिटाला येईल आणि मला कळेल. वही अजून माझ्याकडे आहे, आणि मी वेळ लिहिते.