पेडल दाबायला माणूस

मुलाचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात शेण काढत होतो. तो चाकणला कंपनीत आहे. आधी जेवलात का विचारतो, मग मुद्द्यावर येतो.

"आण्णा, आईच्या वर्षश्राद्धाला येतोय आम्ही. तोवर ती गाडी दारातून काढा. पाहुणे कुठं बसवायचे?"

"गाडी काय खाती का तुझं?"

"खाली नाग निघला होता, विसरला का? एकटं राहता तुम्ही. काय झालं तर सांगायला पण कोण न्हाई."

"नाग गेला त्याच्या वाटंनं."

"मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तो येईल त्या दिवशी."

मी म्हणालो, "चालती गाडी भंगारात घालशील?"

तो हसला. "चालू झाली तर ऱ्हाऊ द्या. शब्द माझा."

गाडी म्हणजे जुनी पेट्रोलची जीप, मागं माल भरायचा हौदा. तिच्यात आम्ही नवरा-बायको शिर्डीला फुलं घेऊन जायचो. गुलाब आणि शेवंती. पुढं गुडघे गेले, फुलांचा मळा मोडून ऊस लावला, आणि गाडी लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच.

मला ती का पाहिजे होती ते सरळ सांगतो. आमच्या घरात चारचौघांत बायकोशी बोलायची रीत नव्हती. आई-वडील होते, थोरला भाऊ होता, वहिनी होती. मला पाणी पाहिजे असलं तरी मी पोराला म्हणायचो, "तुझ्या आईला सांग." तीही भिंतीकडं बघून बोलायची, "जेवायला वाढलंय म्हणावं." पण गाडीत दुसरं मोठं माणूस नाही, आम्ही दोघंच. गावाची वेस ओलांडली की तिचं तोंड सुटायचं ते शिर्डीचा बाजार येईपर्यंत. पोरीला कोणत्या घरी द्यायची ते गाडीत ठरलं. विहिरीवर मोटार बसवायची ते गाडीत ठरलं. भांडलो तेसुद्धा गाडीतच, आणि घरी उतरताना दोघंही मुकी. म्हातारे गेले, घर मोकळं झालं, तरी घरात बोलायची सवय लागली नाही ती नाहीच लागली. आता घरात बसून तिला आठवायचं म्हटलं तर तिची पाठ आठवते, चुलीकडं तोंड केलेली. आवाज आठवायचा तर केबिनमध्येच जाऊन बसावं लागतं. गाडीच कापून नेली तर माझ्याजवळ काय राहिलं? हे असलं मुलाला फोनवर सांगतात कसं, ते मला येत नाही.

म्हणून लागलो कामाला.

पहिल्यांदा कोंबडी हाकलली. सीटवर अंडी घालून बसली होती. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, त्या राहुरीच्या वायरमनकडून नव्या टाकून घेतल्या. पायाखालचा पत्रा गंजून जमीन दिसत होती. त्यावर पत्रा वेल्डिंग करून घेतला. हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या, बांधावरची बाभूळ पडली होती तिच्या चिरून आणल्या. ब्रेक खोलले, साफ केले, त्यातली रबरं बदलली. हे सगळं मला येतं असं नाही, पण इतकी वर्षं चालवली तर आत काय असतं ते माणसाला कळतं.

टाकी खाली उतरवली, आत खडे आणि पाणी घालून खुळखुळ हलवली, गंज काढला. तर एका कोपऱ्यातून पेट्रोल पाझरायला लागलं. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे कपड्याचा साबण. साबण मळून भेगेवर दाबायचा, पेट्रोलला तो विरघळत नाही, सिमेंटसारखा बसतो. मोरीवर साबणाची अर्धी वडी होती. बायको दोऱ्यानं वडीचे दोन भाग करायची, अर्धा वापरायचा, अर्धा जपायचा. हा जपलेला अर्धा. तिच्यामागं मी बाजारातून पुड्यातली पावडर आणतो, त्यामुळं तो तसाच राहिला होता, वाळून चिरा पडलेला. मी तो हातात घेऊन बराच वेळ मोरीवर बसलो. मग म्हटलं, साबण तो साबण, आणि पाण्यात भिजवून मळला. पाझर थांबला.

खरं दुखणं कार्बोरेटरचं होतं. पेट्रोल आणि हवा तिथं मिसळून इंजिनात जाते. मिसळ चुकली की गाडी एक तर धूर ओकते, नाही तर मरते. जुना खोलला. आत पितळेचा पोकळ गोळा असतो, तो पेट्रोलवर तरंगून पाहिजे तेवढंच आत सोडतो. कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. भोक पडलेला गोळा तरंगणार कसा? दांडीही झिजून खिळखिळी झालेली. त्याच्यात आता राम नव्हता.

नगरला गेलो. जिल्ह्याचं नाव बदललंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. जुन्या गाड्यांचं सामान विकणारा माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. म्हणाला, "बाबा, ह्याचा मेळ आता न्हाई. व्हॅनचा हाय, तो बसवा."

"बसंल का?"

"बसवला तर बसंल. भोकं जुळणार न्हाईत."

"मग काय उपयोग?"

"लग्नात तरी कुठं जुळतात? बसवावं लागतं."

घेतला. राहुरीत लेथवाल्याकडून एक जाड पट्टी करून घेतली, खालून जुन्या मापाची भोकं, वरून नव्या. मध्ये कागदाचं पॅकिंग लागतं. ते मी घरी कापलं. कागद पट्टीवर ठेवून कडेकडेनं बारक्या हातोडीनं ठोकत गेलं की आकार आपोआप कापला जातो. पहिलं उलटं कापलं. खालच्या बाजूच्या कागदाला वरच्या मापाची भोकं. भाकरी उलटी थापता येत नाही, पॅकिंग मात्र उलटं कापता येतं. दुसरं नीट झालं. जुन्याला पेडलपासून दांडी होती, नव्याला वायर लागत होती, तिथं मोटरसायकलची क्लचवायर जोडली.

नवी बॅटरी लावून चावी फिरवली. खोकली, खोकली, आणि धरली. निळा धूर लिंबात गेला, चिमण्या उडाल्या. मी एकटाच मोठ्यानं ओरडलो, "आगं झाली!"

पण पेडलवरचा पाय काढला की बंद.

तिथं माझी अडचण झाली. नवा कार्बोरेटर लावला की त्याचा स्क्रू फिरवून मिसळ जमवावी लागते. एकानं बॉनेटमध्ये वाकून स्क्रू फिरवायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल धरायचं, सांगितलं की सोडायचं. आमच्यात ती आत बसायची. नऊवारीचा काष्टा वर खोचून, चप्पल काढून, अनवाणी पायानं पेडल धरायची. चपलेतून कळत नाही म्हणायची. गाडीचं काम म्हणून दारातही तेवढं बोलणं चालायचं. मी ओरडायचो "दाब", "सोड", आणि इंजिन कसं वाजतंय ते तीच सांगायची, कारण माझे कान केव्हाच गेलेत. मोठा आवाज ऐकू येतो, त्याच्या आतला बारीक येत नाही.

आता स्क्रू मी आणि पेडलही मीच. पेडलवर वीट ठेवली. इंजिन असं किंचाळलं की शेजारच्या घरातून वहिनी पदर सावरत पळत आली. माझ्या थोरल्या भावाची बायको. तोही गेला, ती आणि मी दोन घरांत दोघंच उरलोय.

"भावजी! घर पेटवताय का काय?"

वीट काढली. म्हटलं, "वहिनी, जरा आत बसता का? नुस्ता पाय ठेवायचा."

"म्या?" तिनं आधी रस्त्याकडं बघितलं. "म्या तुमच्या शेजारी गाडीत बसू ह्या वयात? उद्या गावात काय म्हंत्याल, जाऊबाईचं वरीस न्हाई झालं आन् म्हातारी जाऊन बसली तिच्या जागंवर!"

"मी शेजारी कुठं हाय? मी म्होरं, बॉनेटात."

"बॉनेटात बसा न्हाई तर टपावर बसा. म्या न्हाई बसायची." मग जाता जाता वळली. "कालवण पाठवू का? वांग्याचं हाय."

"पाठवा."

तिचं बरोबर होतं. गावाला कामधंदा नाही. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर ऊसतोड चालू, सगळी शेतात. मी विटेऐवजी फळी लावून बघितली, दोरी बांधून बघितली. आत जाऊन चालू करायचं, उतरून पुढं यायचं, तोवर बंद. पुन्हा आत. गुडघे भरून यायचे. एकदा बॉनेटमध्ये डोकं घालून मी "सोड" असं ओरडलो, आणि वाट बघत राहिलो. इंजिन एकाच सुरात चाललेलं. दुसऱ्यांदा ओरडलो. मग आठवलं, आत फळी आहे. त्यानंतर त्या दिवशी काम झालं नाही. बॉनेट लावलं आणि गोठ्यात जाऊन गायीला उगाच खरारा केला.

वर्षश्राद्धाला सगळे आले. विधी झाले, पिंड ठेवले, कावळा शिवला, पंगती उठल्या. गाडी लिंबाखालीच उभी होती, पाहुणे तिच्या हौद्यात बसून पान खात होते. मुलगा बघत होता. दुपार कलल्यावर भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला. मुलगा माझ्याजवळ आला.

"चालू झाली का, आण्णा?"

"चालू होतीय. ऱ्हात न्हाई."

"म्हणजे न्हाई झाली."

"आत पाय ठेवायला माणूस न्हाई. बस तू. तरी न्हाई जमली तर घेऊन जा म्हण त्याला."

त्यानं इस्त्रीच्या पँटीकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं, आणि बसला. भंगारवाला टेम्पोच्या पायरीवर टेकला, म्हणाला, "बघू तरी म्हातारीचा दम." मी बॉनेट उघडलं. दाब म्हटलं की दाबत होता, सोड म्हटलं की सोडत होता, पण फटकन. मी स्क्रू आत घेतला, बाहेर घेतला. बंद पडली, पुन्हा लावली. पाहुणे गोळा झाले, जो तो शहाणा. पेट्रोल जास्त होतंय, हवा जास्त होतीय, प्लग बदला.

शेवटी पाय सोडल्यावरही ती राहिली. घुडघुड चालली. मला बरी वाटली. मी हात पुसायला लागलो, तर आतून मुलाचा आवाज आला.

"खांदा टाकतीय."

मी मान वर काढली. "काय म्हणालास?"

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. तो खिडकीतून डोकं काढून सगळ्यांदेखत ओरडला, "खांदा टाकतीय म्हणलं, आण्णा! मधीमधी!"

मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

चढावर दमलेला बैल जुवाखालून खांदा काढून घेतो. ओढल्यासारखं करतो आणि ओढत नाही. त्याला खांदा टाकणं म्हणतात. माझ्या बायकोचं माहेर बैलांचं. इंजिन मध्येच अडखळलं की ती आतून तेच म्हणायची. पण तिच्याशिवाय इंजिनाला असं म्हणणारं माणूस मी आजवर बघितलं नाही. मुलानं तर बैल कधी हाकला नाही. लहान असताना तो तिच्या मांडीवर बसून शिर्डीला यायचा, तेव्हाचं कुठं तरी राहिलं असेल. त्याला स्वतःला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मोरीजवळ भांडी घासणारी वहिनी मात्र थांबली, तिनं तोंडाला पदर लावला.

मी स्क्रू जरासा, नखाएवढा, बाहेर घेतला.

"आता?"

"अजून."

"आता?"

तो बराच वेळ ऐकत राहिला. "आता ओढतीय."

भंगारवाला उठला. "चालती गाडी मी न्हाई कापत बाबा, पाप लागतं," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. मुलानं शब्द पाळला. फक्त म्हणाला, "लांब नका जाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे चाकणला गेले. त्याला कामावर जायचं होतं.

चार दिवस मी गाडी चालू करून नुसता आत बसत होतो. मग म्हटलं, ही काय देवघरात ठेवायची वस्तू आहे का. पेंडेचं पोतं आणायचं होतं, राहुरीला निघालो. गावात पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाडी छान ओढत होती. बाजूची सीट मोकळी होती, तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रस्ता असला की माणूस समोरच बघतो.

आमचा गावरस्ता जिथं मोठ्या रस्त्याला लागतो तिथं तो तिरका लागतो. डावीकडून मागून येणारी वाहनं ड्रायव्हरच्या जागेवरून दिसत नाहीत, केबिनचा पत्रा आणि हौदा आडवा येतो. त्या बाजूला आरसा कधीच नव्हता. गरजच पडली नाही. ती मान बाहेर काढायची आणि म्हणायची, "थांबा. थांबा. उसाची ट्रॉली हाय. घ्या आता." इतकी वर्षं तो रस्ता तिच्या शब्दावर ओलांडला, मी डावीकडं कधी बघितलंच नाही.

मी थांबलो. डावीकडं काय आहे ते कळेना. कानानं अंदाज घ्यावा तर कान नाहीत. मागं मोटरसायकली लागल्या, मग एक ट्रॅक्टर लागला. हॉर्न वाजायला लागले. ट्रॅक्टरवाला उतरून आला.

"बाबा, बंद पडली का?"

"न्हाई. चालू हाय."

"मग?"

"डावीकडचं दिसत न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं, रिकाम्या सीटकडं बघितलं. मी खाली उतरलो, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो आणि रस्त्यावर उभा राहून बघितलं. लांबवर एक एसटी होती, बाकी मोकळं होतं. पुन्हा वळसा घालून आत येऊन बसेपर्यंत एसटी जवळ आली. ती जाऊ दिली. पुन्हा उतरलो.

मागचे हॉर्न आता थांबले होते. मी डावीकडं उभा राहून नीट बघितलं, आत आलो, आणि गाडी रस्त्यावर घातली.