मालनताईंची सही

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळाची सहल निघायची, तेव्हा ऑकलंडच्या उन्हात पुरुष अर्ध्या चड्ड्यांत, बायका बिनबाह्यांच्या कुडत्यांत आणि पोरं घरूनच टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून आलेली असायची. मालनताई शेटे मात्र बंद गळा आणि मनगटापर्यंत बटणं लावलेल्या पूर्ण बाह्या, अशाच यायच्या. पायात मोजे. मंडळातल्या बायका आपापल्या मुलींना त्यांचं उदाहरण द्यायच्या. इतकी वर्षं परदेशात, तीही एकटी बाई, पण राहणी बघा किती सोज्वळ. मालनताई ते ऐकून गालातल्या गालात हसायच्या आणि काकडी चोचवत बसायच्या. त्या हसण्यात त्यांनी आम्हा सगळ्यांनाच धरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या इराच्या जन्माच्या वेळी. आम्ही नुकतेच पुण्याहून येऊन माउंट रॉस्किलमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. सासूबाईंचा व्हिसा अडकला होता, माझी बायको मुग्धा रडत होती आणि मी इंटरनेटवर बाळाला कसं धरायचं ते वाचत होतो. सकाळी दारावर थाप पडली. नर्सच्या गणवेशावर स्वेटर घातलेली पन्नाशीची एक बाई तेलाची वाटी घेऊन उभी. "मी मालन शेटे. मिरजेची. चार घरं सोडून राहते. तुमच्याकडं बाळंतीण आहे आणि तिला न्हाऊ घालायला कुणी नाही, असं दुकानात कळलं. पाणी तापव की, बघत काय बसलायस." मी पाणी तापवलं. त्यानंतर सव्वा महिना, हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून, त्या रोज सकाळी आल्या. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, मुग्धाला तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडूही केले. मला त्या वेळी खोलीबाहेर हाकलत.

मुग्धा पहिल्या दिवशी लाजली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अंग म्हणजे अंग. त्याला काय लाजायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मिरजेत आणि इथं मिळून त्यांनी किती माणसं पुसली, उचलली, कुशीवर वळवली असतील, त्याचा हिशेब नाही. कपडे काढले की साहेब आणि शिपाई सारखेच भितात, असं त्या सांगत. न्हाऊ घालताना बाह्या कोपराच्या वर सरकवाव्या लागत. त्यामुळे मुग्धाला पहिल्याच दिवशी जे दिसलं, ते मला पुढे अकरा वर्षं माहीत नव्हतं. मुग्धाने सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तिचं नव्हतं.

मालनताईंना कोड होतं. दंडांवर, पाठीवर, पोटावर. मिरजेला शाळेत असताना ते दिसू लागलं तेव्हा त्यांच्या आईने सांगितलं होतं की धाकट्या दोघींची लग्नं होईपर्यंत बाह्या खाली ठेव. दोघींची लग्नं झाली, त्या आज्या झाल्या, आई गेली. बाह्या वर करायला कुणी सांगितलंच नाही.

गणपतीत मोदकांचं काम कायम त्यांच्याकडे असायचं. तांदळाची उकड त्या अशी मळायच्या की कळी पडताना कडा फाटायची नाही. तासभर आधी येऊन सगळ्यांना कामं वाटून द्यायच्या, आणि आमच्या डॉक्टर बायकांनाही नखं कापायला लावायच्या. उन्हाळ्यातल्या शनिवारच्या बैठकांना मात्र त्या कधी यायच्या नाहीत. "मी समुद्रावर जाते, मला धरू नका," एवढंच. आम्हाला वाटायचं, फिरायला जात असतील. वय झालं की माणसं फिरतात.

त्यांचा समुद्र शहरापासून तासाभरावर होता. काळ्या वाळूचा लांब किनारा, आणि उत्तरेच्या टोकाला खडकांच्या आड एक तुकडा. तिथे माणसं कित्येक वर्षं बिनकपड्यांची पोहत, उन्हात पडत. बहुतेक सगळी म्हातारी. वरच्या टेकडीवर नवी घरं झाली आणि तिथल्या रहिवाशांना खाली काय चालतं ते दिसू लागलं. त्यासाठी गच्चीच्या कठड्याशी येऊन वाकून पाहावं लागे, पण तेवढे कष्ट त्यांनी घेतले. तिथे कपडे सक्तीचे करावेत अशी मागणी झाली आणि नगरपालिकेच्या लोकल बोर्डाने लोकांची मतं मागवली.

त्या रहिवाशांच्या वतीने एक बाई आमच्या मंडळाच्या बैठकीला आल्या. आल्या आल्या माओरीत 'किया ओरा' म्हणाल्या, नमस्कारही केला. तुमच्यासारख्या कुटुंबवत्सल लोकांना त्या किनाऱ्यावर मोकळेपणाने येता यावं असं आम्हाला वाटतं, तुमची संस्कृती आम्हाला मोलाची आहे, वगैरे. आम्ही विरघळलो. इतक्या वर्षांत या देशात कुणी आमचं मत विचारायला आलं नव्हतं. बोर्डाच्या हॉलच्या भाड्यात सूट मागितली तर तीन-तीन पत्रांना उत्तर नाही. आमचे अध्यक्ष राजवाडे यांनी तिथल्या तिथे पाठिंबा जाहीर केला. मी चिटणीस. पत्र मी लिहायचं आणि त्याला सह्या जोडायच्या, असं ठरलं. तो किनारा मी तोवर पाहिलाही नव्हता.

आता माझ्या हातून जे झालं ते लिहितो. सह्या गोळा करायला घरोघर कोण जाणार? माझं माउंट वेलिंग्टनचं ऑफिस, इराचे क्लास, मुदत शुक्रवारची. माझ्याकडे गणपतीच्या महाप्रसादाची यादी होती. जेवायला किती पानं ते कळावं म्हणून दारात टेबल टाकून आम्ही प्रत्येकाचं नाव, राहण्याचा भाग आणि सही घेतो. थेट दीड तासावरच्या रोटोटुनाहून गाडी हाकत आलेल्यांच्याही सह्या त्यात होत्या. मी 'महाप्रसाद' लिहिलेलं वरचं पान काढलं आणि बाकीचे कागद पत्राला जोडले. मनात म्हटलं, विचारलं असतं तरी सगळ्यांनी हो म्हटलंच असतं. आपल्यातलं कोण नागड्या लोकांची बाजू घेणार आहे?

आठवड्याने मालनताईंचा फोन आला. त्यांच्या त्या म्हाताऱ्या मित्रांनी किनारा वाचवण्यासाठी एक छोटी समिती केली होती. निवृत्त बसचालक ग्रॅहम, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या मार्गारेट, असे आठ-दहा जण. समितीची पत्रं मालनताई लिहीत. विरोधकांचे कागद वाचताना त्यांना आपलंच नाव सापडलं होतं.

"सुहास, ही माझी सही तू कुठनं आणलीस?"

मी सांगितलं. खोटं बोललो नाही, कारण त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती.  मग मालनताई म्हणाल्या की त्या गेली अकरा वर्षं तिथे जातात, आणि त्या टोकाला जाऊन अंगावरचं सगळं काढून पाण्यात शिरतात.  "तिथं सगळीच नखशिखांत पांढरी रे," त्या म्हणाल्या. "माझं अर्धंमुर्धं कोण बघतंय?" आणि मग, मला काही कळलेलं नाही हे ओळखून, त्यांनी मला कोडाचं सांगितलं. बाह्यांचं सांगितलं. आईचं सांगितलं. पृथ्वीच्या पाठीवर तेवढ्या शंभर पावलांत मला अंग आहे, असं म्हणाल्या. त्यांचं मागणं एवढंच होतं की ही यादी जेवणाची आहे, अशी एक ओळ मी बोर्डाला लिहून कळवावी. मी म्हटलं, कमिटीपुढे ठेवतो.

ठेवलं. राजवाडे म्हणाले, तसं लिहिलं तर मंडळाची अब्रू जाईल, पुढच्या वर्षी हॉल मिळायचा नाही. फार तर त्यांचं एक नाव मागे घेऊ. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी ती ओळ लिहिली नाही. एक ओळ होती. ऑफिसात बसून दिवसाला शंभर लिहितो.

सुनावणी वाचनालयाच्या खोलीत झाली. टेकडीवरच्या बाईंनी आमची यादी हातात उंच धरून दाखवली. स्थलांतरित कुटुंबांच्या भावना म्हणून. मग मालनताई उठल्या. नेहमीच्या पूर्ण बाह्या, बंद गळा. त्यांच्या मिरजेच्या इंग्रजीत त्या म्हणाल्या की या यादीत माझं नाव आहे, पण ही सही मी जेवणासाठी केली होती. लोक हसले. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी सौम्यपणे विचारलं, मग तुमचं मत काय आहे? मालनताईंनी उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही दुमडत दुमडत खांद्यापर्यंत नेली. म्हणाल्या, मी नर्स होते, मला बोलता फारसं येत नाही. हा हात माझ्या देशातल्या कुणीही उन्हात पाहिलेला नाही. त्या खडकांमागे तो उन्हात असतो. तेवढी जागा राहू द्या.

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, मंडळाचं कुणी हजर आहे का, या यादीबद्दल कुणी सांगू शकेल का? मी तिसऱ्या रांगेत होतो, शेजारी राजवाडे. मी उभा राहिलो. मालनताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हणालो, एका नावाबाबत थोडा गोंधळ झालेला असू शकतो, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

एका नावाबाबत. हे शब्द मला आजही पाठ आहेत. मालनताईंनी बाही खाली केली आणि बटण लावायला लागल्या. ते लवकर लागेना. मार्गारेटनी लावून दिलं.

घरी जेवताना मुग्धाने काय झालं ते विचारलं आणि मी शक्य तितकं गुळगुळीत करून सांगितलं. ती ताटावरून उठून गेली. इरा मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. "सो यू लाइड, बाबा," ती म्हणाली आणि आपलं ताट उचलून आईच्या मागे गेली. ती पोरगी मालनताईंच्या पायांवर वाढली होती.

दीड महिन्याने किनाऱ्यावर कपडे सक्तीचे असल्याच्या पाट्या लागल्या. निर्णयात विविध समाजांच्या भावनांचा आदर राखून असं काहीसं वाक्य होतं. म्हणजे आमच्या. राजवाड्यांनी ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, खाली अंगठे आले, जोडलेले हात आले. मग कुणीतरी सुनावणीची हकिकत टाकली आणि अंगठे थांबून कुजबुज सुरू झाली. काहींना नागडेपणाचा धक्का बसला होता. काहींना कोडाचा जास्त. आमच्यात डॉक्टर आहेत, फार्मासिस्ट आहेत, हॉस्पिटलांच्या मोठाल्या वॉर्डांतल्या नर्स आहेत. कोड संसर्गजन्य नसतं हे त्यांना पोटासाठीच शिकवलेलं असतं. त्यांतलं कुणी बोललं नाही. गणपतीच्या आधी मोदकांच्या नव्या मुख्य बाईंचा मालनताईंना फोन गेला, की ताई, खूप वर्षं केलंत, यंदा तुम्ही आराम करा. त्या वर्षीचे मोदक सगळे फाटले. मला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

महाप्रसादाला मालनताई आल्या होत्या. अर्ध्या बाह्यांचा पिवळा ब्लाउज आणि इरकल. दारातल्या टेबलाशी मी यादी घेऊन बसलो होतो. सवयीने पेन पुढे केलं. "मी जेवणार आहे, असं तोंडी सांगते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून मुग्धा आणि इरा तिथे जाऊन बसल्या. मी वाढपी होतो. त्यांनी सगळं मागून मागून घेतलं, आमटी दोनदा, आणि पान स्वच्छ करून उठल्या.

पुढे एका शनिवारी मी एकटाच तो किनारा पाहायला गेलो. पोहुतुकावाच्या झाडांखाली लाल फुलांचा सडा पडला होता. खडकांपलीकडे पाटीजवळ ग्रॅहम घडीच्या खुर्चीत बसला होता, अंगात शर्ट, चड्डी, पायांत प्लास्टिकच्या जँडल्स. त्याने मला ओळखलं नाही. आज पाणी छान आहे, भरपूर ऊन, हीप्स ऑफ सन, असं म्हणाला. मी हो म्हटलं. तेवढ्यासाठी आम्ही देव, धर्म, संस्कृती सगळं पणाला लावलं होतं. शंभर पावलं होती. मी मोजली.

या मार्चमध्ये मालनताईंनी घर विकलं. मार्गारेटबरोबर दक्षिण बेटावर राहायला चालल्या होत्या. तिथे एका लहान गावाजवळ असा एक किनारा अजून आहे म्हणे. मुग्धा आठवडाभर सामान बांधायला जात होती. शेवटच्या दिवशी मी गेलो. खोक्यांमध्ये त्या स्टुलावर बसल्या होत्या, बाह्या वर. मला चहा दिला, माझ्या ऑफिसची चौकशी केली. मी दोन वर्षं घोकलेलं सगळं एका दमात म्हणालो. चूक माझी होती, यादी मी जोडली, सुनावणीत मी खोटं बोललो, उद्याच्या उद्या बोर्डाला सगळं लिहून कळवतो.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "ताई, मी इतका वाईट माणूस नाहीये हो."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला, विसळला आणि कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला.

"नाहीस," त्या म्हणाल्या. "वाईट असतास, तर त्या दिवशी सुनावणीत तू उभा राहिलास तेव्हा मला बरं वाटलं नसतं."